फळीवरचं ठिगळ

वाचनालयाच्या वार्षिक अंकाला एक गोष्ट द्या, बोध असलेली द्या, आणि सोमवारपर्यंत द्या, असा निरोप आला. निरोप आणणाऱ्याला म्हटलं, बोध पाहिजे असेल तर शिकलेल्यांकडे जा, माझी शाळा चौथीत सुटली. तर म्हणतो, "त्यांच्याकडे जाऊन आलो. कुणालाच वेळ नाही." म्हणजे उरलासुरला मी. बरं, लिहितो. पण पानाच्या कडेला वेलबुट्टी काढू नका आणि माझं लिहिणं कुणी सुधारू नका. का ते पुढे कळेल. गोष्ट चीन देशातली आहे. तिथली नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून गोष्टीतल्या माणसांना नावं नाहीत. नाव एकच येईल, तेही शेवटी.

एकदा एक म्हातारे पाद्रीबाबा होते. जेझुइट पंथाचे. पश्चिमेकडून गलबतात बसून चीनला गेलेले. चार-साडेचारशे वर्षांमागची गोष्ट. गेले तेव्हा त्यांची दाढी काळी होती, आपली गोष्ट सुरू होते तेव्हा पांढरी झालेली. तिथल्यासारखाच लांब बाह्यांचा झगा घालायचे, तिथला भात तिथल्या काड्यांनी खायचे आणि तिथल्याच भाषेत ग्रंथ लिहायचे. त्यांना गणित येत होतं, नकाशे काढता येत होते, बंद पडलेलं घड्याळ चालू करता येत होतं. लोक त्यांना ज्ञानी म्हणायचे, आणि ते होतेही. फक्त अक्षर भयंकर होतं.

त्यांच्याजवळ एक शिष्य होता. तिथलाच, नदीकाठच्या गल्लीतला, तिशीला आलेला. बिचारा गणित शिकायला आला आणि अडकला. कारण पाद्रीबाबा कुंचला असा धरायचे, जसा आपण आमटी ढवळायला डाव धरतो. शाई बाहीवर, शाई दाढीवर, एकदा तर शेजारच्या मांजरावर. चिनी अक्षर म्हणजे एकेक घर बांधण्यासारखं काम. खांब सरळ, तुळई आडवी, छप्पर बेताचं. बाबांची घरं सगळी पुरात सापडल्यासारखी. म्हणून व्यवस्था अशी होती की बाबांनी लिहायचं, आणि शिष्याने ते वाचून, वाक्य सरळ करून, आपल्या सुंदर अक्षरात उतरवायचं.

यात शिष्याच्या डोक्याचा रोज भुगा व्हायचा.

"गुरुजी, असं आमच्यात म्हणत नाहीत."

"मग कसं म्हणतात?"

"असं म्हणतच नाहीत."

"पण मला म्हणायचंय."

"मग तुमच्या देशात जाऊन म्हणा!" असं शिष्य मनात म्हणायचा आणि तोंडाने म्हणायचा, "बघतो." मग बसायचा, दोन्ही हातांनी कपाळ दाबायचा, आणि बाबांच्या आडमुठ्या वाक्याला घासूनपुसून असं रूप द्यायचा की वाचणाऱ्याने मान डोलवावी. मान डोलवली की लोक म्हणायचे, वा, पाद्रीबाबा काय लिहितात! शिष्याचं नाव कुठेच नाही. तरी तो राहिला, कारण बाबा गणित खरंच चांगलं शिकवत होते.

असं करता करता बाबांचा मोठा ग्रंथ तयार झाला. परक्या माणसाने या देशात काय काय पाहिलं, त्याचा. लग्नं, जेवणं, बाजार, न्याय, सगळं त्यात. त्यात एक पान मरणाच्या सुतकाचं होतं. तिथे बाबांनी लिहिलं होतं, की एका घरी मी एक मुलगा पाहिला, त्याची आई गेली होती. दारात पाहुणा आला की तो मोठ्याने रडे. पाहुणा उठला की डोळे पुसून दिव्यात तेल आहे का विचारी. या देशात अश्रूसुद्धा पाहुण्यांसाठी असतात.

शिष्याला ते वाचून हसू आलं. असले लोक त्याने पाहिले होते. त्याने वाक्य हातात घेतलं आणि शेवटाला आपल्या पदरचं घातलं: "अश्रूसुद्धा पाहुण्यांसाठी असतात, चांगल्या पेल्यांसारखे. वापर झाला की पुसून फडताळात." बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "हे माझ्यापेक्षा छान झालं." शिष्य त्या दिवशी खुशीत घरी गेला.

आता छापण्याचं एकदा सांगतो, नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही. तिकडे तेव्हा पान छापायचं म्हणजे लाकडाच्या फळीवर कोरायचं. नासपतीच्या लाकडाची गुळगुळीत फळी घ्यायची. सुंदर अक्षरात लिहिलेला पातळ कागद तिच्यावर पालथा चिकटवायचा. वरून कागद चोळून काढला की शाई लाकडावर उलटी राहते. मग कोरणारा अक्षर तेवढं ठेवून बाकीचं लाकूड उकरतो. शाई लावली, कागद अंथरला, वरून ब्रश फिरवला, झालं पान. फळ्या जपून ठेवल्या की हवी तेव्हा हवी तेवढी पानं काढा. आणि ओळी त्यांच्या उभ्या, वरून खाली. एवढं पुरे.

ग्रंथ छापला गेला आणि गावभर झाला. ज्याला वाचता येत होतं त्याने वाचला, येत नव्हतं त्याने ऐकला.

शिष्याला त्या वसंतात सरकारी परीक्षेला बसायचं होतं. लहानपणापासून त्याने तेवढ्यासाठीच पाठांतर केलं होतं. रेशमाचे कोष उकळत्या पाण्यातून काढून काढून आईच्या हातांची सालं गेली होती, तीही तेवढ्यासाठीच. परीक्षेला बसायचं तर तिकडे एक नियम होता. गावातल्या कुणी मान्यवर पंडिताने जामीन राहायचं, की हा मुलगा सरळ आहे, आईबापांचं सुतक याने रीतीप्रमाणे, मनापासून पाळलं आहे. जामीन नाही तर परीक्षा नाही. आईबापांना फसवणारा राजाला काय सोडणार, असा त्यांचा हिशेब.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे पंडित राहायचे. गावातल्या मुलांना तेच जामीन राहत. शिष्य स्वच्छ कपडे घालून, फळांची परडी घेऊन त्यांच्याकडे गेला.

पंडितांनी परडीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "मी तुला जामीन राहणार नाही."

"का, आजोबा?"

पंडितांनी ग्रंथ उघडला, ते पान काढलं आणि खड्या आवाजात वाचलं. पेल्यांपर्यंत, फडताळापर्यंत. मग विचारलं, "हा कोण?"

"असेल कुणीतरी."

"कुणीतरी? परदेशी बाबा या गावात नवे आले तेव्हा एकाच घरी समाचाराला गेले. सगळी गल्ली त्यांचं नाक बघायला भिंतीवर चढली होती, मीही होतो खाली उभा. ते घर तुझं. गेली ती तुझी आई. रडत होतास तू."

"पण आजोबा, हे तर मीच लिहिलंय!"

"तेच म्हणतोय मी. अक्षर ओळखतो तुझं. स्वतःच्या हाताने लिहिलंस, वर पेल्यांची मखलाशी केलीस. जा, परडी घेऊन जा."

शिष्य तसाच पाद्रीबाबांकडे गेला. जाताना वाटेत दोघे ओळखीचे भेटले, एकाने नुसतं विचारलं, "पेले कसे आहेत?" शिष्य झपाझप चालत बाबांच्या दारी आला. दार ढकललं. बाबा एका घड्याळाचं पोट फाडून बसले होते.

"तुम्ही माझ्या आईच्या समाचाराला आला होतात?"

"तुझ्या आईच्या?" बाबांनी मान वर केली. "मी एकदाच गेलो होतो एका घरी. सुतकाची, अंबाडीच्या जाड्या कापडाची टोपी घातलेला मुलगा होता. तोंड सगळं झाकलेलं." ते थांबले. "तो तू?"

"तो मी! फडताळातल्या पेल्यांचा मालक मी! माझा जामीन गेला, परीक्षा गेली, गावात तोंड दाखवायची सोय गेली. गुरुजी, लिहिण्याआधी माणूस विचारतो तरी!"

"तू तर ते वाचलंस. सुधारलंस. हसलासही. तुला ओळखू आलं नाही?"

"मला कसं येणार ओळखू? तुम्ही आला होतात हेच मला माहीत नाही!"

पाद्रीबाबांच्या हातातलं घड्याळाचं चाक खाली ठेवलं गेलं. "माहीत नाही? अरे, मी तुझ्या समोर बसलो होतो. तू मला वाकून नमस्कार केलास. स्वतःच्या हाताने चहा दिलास. बाहेर लोकांच्या वजनाने अंगणाची भिंत कोसळली, केवढा आवाज झाला!"

"भिंत?" शिष्य म्हणाला. "आमची भिंत तेव्हा पडली? मला वाटत होतं पावसाने पडली."

बाबांनी घड्याळ बाजूला सारलं. मग उठले. गुडघे धरून, टेबलाला हात लावून. म्हणाले, "जो पाहुण्यांसाठी रडतो, त्याला पाहुणे आठवतात." आणि पायांत जोडे घालायला लागले.

"कुठे निघालात?"

"त्या दिवशी त्या घरात आणखी कोण होतं?"

"मावशी. आता तिच्याकडेच राहतो मी. गुरुजी, तिला यात आणू नका. ती बोलायला लागली की थांबत नाही."

"चल."

मावशी अंगणात कोबी चिरून वाळत घालत होती. पुस्तकातलं तिच्या कानावर आलंच होतं. पाद्रीबाबांना बघून तिने चाकू खाली ठेवला नाही.

"या, या! तुम्हीच का ते, आमच्या घरी चहा पिऊन गेलात आणि फडताळ मोजून गेलात?"

"बाई, मला काही विचारायचं आहे."

"आता? आता विचारताय? अहो, रीत आहे ती! पाहुणा दारात रडवेला उभा असतो. परक्याच्या घरात तो एकट्याने रडेल का? म्हणून घरच्याने त्याच्याबरोबर रडायचं. पाहुणा गेला की थांबायचं, कारण देह आईने दिलेला असतो, तो तिच्यामागे झिजवून टाकायचा नसतो. एवढं साधं! आणि हा त्या सकाळी दोनदा बेशुद्ध पडला होता. तोंडावर पाणी मारून बसवला होता मी. दटावलं त्याला, दिव्यातलं तेल बघ, चहाचं बघ, काहीतरी बघ मेल्या, नाहीतर आईच्या मागोमाग जाशील! तेल विचारत होता तो माझ्या धाकाने!"

"मी तिथेच बसलो होतो," बाबा म्हणाले. "मी विचारलं नाही."

"विचारायचं! तोंड नव्हतं?"

"तेव्हा भाषा मोडकीतोडकीच येत होती."

"मग लिहायचं नाही!"

पाद्रीबाबांनी मान खाली घातली. मावशीने थोड्या वेळाने आपणहून चहा आणून ठेवला. पेला मुद्दाम चीर गेलेला दिला, तेही सांगतो.

परत येताना शिष्याने उपाय सांगितला. असं बघा, फळीवर चूक झाली तर पूर्ण फळी टाकत नाहीत. कोरणारा तेवढं लाकूड पटाशीने काढतो, त्या जागी नव्या लाकडाचं ठिगळ सरस लावून ठोकतो, वरून रंधा मारून फळीशी सपाट करतो, आणि त्याच्यावर नवं अक्षर कोरतो. काम असं बेमालूम की छापलेल्या पानावर कुणाला पत्ता लागत नाही. त्या दोन ओळी काढायच्या, दोन ओळींचं ठिगळ बसवायचं, बास. पुढची पानं स्वच्छ निघतील. हळूहळू जुनी विसरली जातील. वर्षभराने जामिनासाठी पुन्हा जाता येईल.

"नवं काय कोरायचं ते मी जुळवलंय," शिष्य म्हणाला. "'या प्रांतात संत्री उत्तम होतात.' थोडं वाढवलं की दोन ओळींत बरोबर बसतं. संत्र्यांवर कोण रागावणार?"

"ठिगळ लावू," बाबा म्हणाले. "पण त्या जागी काय लिहायचं ते मी लिहीन."

"लिहा. मी उतरवून देतो."

"उतरवायचं नाही. माझ्याच अक्षरात जाईल."

शिष्य रस्त्यातच थांबला. "तुमच्या अक्षरात? फळीवर? गुरुजी, ते कोरलं तर पानावर कोंबडी नाचून गेल्यासारखं दिसेल!"

"दिसू दे."

आणि खरंच, बाबांनी तो पातळ कागद घेतला, कुंचला डावासारखा धरला आणि स्वतः लिहिलं. एकदा सांडलं, पुन्हा लिहिलं. शिष्य कोपऱ्यात पाठ करून उभा होता. त्याला ते बघवत नव्हतं.

कोरणारा म्हणजे त्या गावातला नावाजलेला माणूस. त्याने ते कोरलं, तोंड वाकडं करून का होईना. मग रंधा घेतला, तर बाबांनी त्याचा हात धरला.

आता इथे एक गोष्ट कोरणाऱ्याने सवयीविरुद्ध केली होती, तीही बाबांच्या सांगण्यावरून. ठिगळाचं लाकूड आधी सपाट न करता फळीच्या वर किंचित उंच ठेवूनच अक्षर कोरलं होतं. त्याला वाटलं, शेवटी अक्षरांचे माथे रंध्याने हलके घासून फळीशी सपाट करायचे असतील.

"सोड रंधा," बाबा म्हणाले. "असंच राहू दे."

"असंच? बाबा, उंच लाकडाला शाई जास्त बसते. पानावर बाकीच्या ओळी सारख्या येतील आणि या दोन काळ्याकुट्ट. कागद तिथे फुगेल. वाचणाऱ्याच्या बोटाला लागेल. लोक म्हणतील कोरणाऱ्याला डोळे नाहीत!"

"लोकांना सांग, पाद्री वेडा आहे."

"ते मी एरवीही सांगतोच. पण यात माझा हात बदनाम होतो त्याचं काय?"

"त्याबद्दल मी तुझा अपराधी आहे. तरी राहू दे."

कोरणाऱ्याने रंधा आपटला आणि तिथेच एक पान काढून शिष्याच्या हातात दिलं. "घे, बघ तुझ्या गुरूचं काम!"

शिष्याने पान बघितलं. सगळं पान त्याच्या अक्षराचं, शांत, सारखं, तळ्यासारखं. आणि मधोमध दोन उभ्या ओळी, वाकड्या, लठ्ठ, काजळासारख्या काळ्या, जणू पानाला कुणी जळका लाकडाचा ओंडका टेकवला. काय लिहिलंय ते वाचायचंही त्याला भान राहिलं नाही. वर्षानुवर्षांचा सगळा वैताग एकदम बाहेर आला.

"हे काय केलंत! मी म्हणत होतो झाका, तुम्ही त्याच्यावर मशाल लावली! आता आंधळासुद्धा इथे बोट ठेवेल! ज्याने वाचलं नव्हतं तोही विचारेल, हे काय झालंय? तुम्हाला वाक्य लिहिता येत नाही, अक्षर काढता येत नाही, कुंचला धरता येत नाही, ते सगळं मी सांभाळलं. आता मला सांभाळायची वेळ आली तर तुम्हाला साधं खोडताही येत नाही? एवढी गणितं येतात तुम्हाला, एवढं कळत नाही?"

कोरणारा खाली बघत पटाशी पुसू लागला. बाबा तिथेच लाकडाच्या भुशात बसले. त्याला राग पुरा करू दिला. मग हळूच बोलले.

"अरे, मी ते कुठे बोललो होतो? साऱ्या गावात. मग परत कुठे घ्यायचं? तुझ्या-माझ्या खोलीत? लाकूड सपाट केलं तर काय होईल ते बघ. ज्यांनी जुनं पान वाचलं, ते मरेपर्यंत तुला खोटाच समजतील. जे नवं वाचतील, त्यांना तुझ्यावर अन्याय झाला होता हे कळणारही नाही. दोघांच्याही लेखी मी मात्र निर्दोष. माझी लाज झाकली जाईल आणि तुझी उघड्यावर राहील. चूक ठळक केली आणि दुरुस्ती पुसट करायची, हा कुठला न्याय? आणि तुझं अक्षर सुंदर आहे रे. तुझ्या हाताने हे लिहिलं असतं, तर लोक म्हणाले असते, शिष्यानेच लिहून घेतलं. माझ्या अक्षराची नक्कल करायला कुणी धजणार नाही."

शिष्याने पान न वाचताच वाळत टाकलं. पटलं म्हणून नव्हे. शाई ओली होती म्हणून.

बाबा एवढ्यावर थांबले नाहीत. त्या पानाच्या प्रती काढल्या आणि म्हणाले, ज्याच्या ज्याच्या घरी ग्रंथ आहे त्याला मी स्वतः नेऊन देणार. आणि निघाले. गुडघे दुखत होते, तरी. ऊन होतं म्हणून शिष्य मागून छत्री धरून चालत होता, आणि मनात म्हणत होता, हे भगवंता, छत्री एवढी लहान का केलीस, मला तिच्यामागे लपताही येत नाही. प्रत्येक दारात बाबा वाकायचे, पान द्यायचे आणि म्हणायचे, "मागे मी चूक लिहिलं होतं. हे त्या जागी लावा." लोक बघत राहायचे. काही हसले. एका बाईने दार लावून घेतलं, तिला वाटलं काही विकायला आलेत.

शेवटी पंडितांचं घर आलं. शिष्य उंबऱ्याबाहेरच थांबला.

पंडितांनी पान हातात घेतलं. अंगठा त्या दोन ओळींवर पडला आणि काळा झाला. त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग ओळींकडे, मग मोठ्याने वाचलं. रागाने शिष्याने ते पान तोवर वाचलंच नव्हतं, तेव्हा कुठे त्याने ते शब्द पहिल्यांदा ऐकले:

"या जागी मी एका मुलाच्या अश्रूंची थट्टा केली होती. रीत मला कळली नव्हती आणि मी विचारलं नव्हतं. तो आपल्या आईसाठी रडत होता. दोष माझा."

पंडितांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "अक्षर तुमचंच. असलं दुसऱ्या कुणाचं असणं शक्य नाही." मग बाहेर बघून म्हणाले, "तू उंबऱ्यावर काय उभा? आत ये. हे लिहायला तू सांगितलंस?"

"नाही आजोबा. मी संत्र्यांबद्दल लिहा म्हणत होतो."

"संत्र्यांबद्दल?"

"की या प्रांतात संत्री उत्तम होतात."

पंडितांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आंबट असतात," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तुझी आई माझ्या बायकोला रेशीम आणून द्यायची. गेली तेव्हा मीही आत येणार होतो. पण भिंत पडली आणि गोंधळ झाला." ते खोकले. "परवा सकाळी जामिनाचा कागद घेऊन ये. आणि शाई तुझी आण. माझ्या अंगठ्याला लागली तेवढी या बाबांनी फुकट दिली, पण ती पुरणार नाही."

शिष्य परीक्षेला बसला. पास झाला का विचाराल. पहिल्या खेपेला नाही, पुढच्या खेपेला झाला. पण त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

पुढे काही वर्षांनी पाद्रीबाबा गेले. गावातल्या लोकांनी त्यांना रीतीप्रमाणे निरोप दिला, शिष्य प्रत्येक पाहुण्याबरोबर रडला, आणि या खेपेला मावशीला त्याला दटावावं लागलं नाही, कारण मावशी स्वतःच रडत होती. बाबांच्या मागे ग्रंथाच्या सगळ्या फळ्या शिष्याकडे आल्या. तोपर्यंत तो अंमलदार झाला होता, पोटही सुटलं होतं. ग्रंथाला मागणी होती. नवी पानं काढायची म्हणून कोरणारा आला. तोही आता म्हातारा. फळ्या चाळता चाळता ती फळी निघाली आणि त्याने लगेच पिशवीतून रंधा काढला.

"आता तरी," तो म्हणाला. "बाबा गेले. गावात कुणाला आठवतही नाही. हे ठिगळ सपाट करून देतो, तुमच्या सुंदर अक्षरात दोन ओळी लिहून द्या. मला मरताना ही फळी डोळ्यांसमोर नको. आणि तुम्हालाही लोक किती वर्षं विचारणार, ते काळं काय आहे म्हणून?"

हे खरं होतं. अजूनही जो नवा वाचणारा भेटे तो विचारायचाच. आणि शिष्य दर वेळी वैतागून, सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायचा. आई, भिंत, पेले, संत्री, सगळं.

शिष्याने फळी मांडीवर घेतली. उंच राहिलेल्या लाकडावरून बोट फिरवलं. वाकडे खांब, कललेली छपरं, पुरात सापडलेली घरं.

"राहू द्या," तो म्हणाला.

"गुरूसारखेच वेडे झालात," कोरणारा म्हणाला, आणि रंधा पिशवीत टाकला.

शिष्याने स्वतः शाई लावली, कागद अंथरला आणि पान काढलं. दोन ओळी काळ्याभोर उठल्या. ते पान वाळायच्या आतच त्याने हातात घेतलं, आणि बोटाला लागलेली शाई त्या दिवशी धुतली नाही.

झाली गोष्ट. आता बोध मागितला होता तो घ्या. भर सभेत बोललेलं भर सभेतच परत घ्यायचं असतं. मागच्या वर्षी याच वाचनालयाच्या सभेत, खुर्च्या भरलेल्या असताना, एका माणसावर आळ आला की दिवाळी अंक त्याने घरी नेऊन दाबले. अंक पुढे सापडले, आळ घेणाऱ्याच्याच कपाटात. त्यानंतर आळ घेणाऱ्याकडून त्या माणसाच्या घरी सुकेळी आली, म्हणजे वाळवलेली केळी, गुपचूप, कागदात बांधून. सुकेळी गोड होती, मी खाल्ली. पण सभेत कुणी सुकेळी मागितली नव्हती. या वर्षीची सभा जवळ आली आहे, खुर्च्या पुन्हा भरतील. उठून उभं राहायचं ते कुणी, हे छापताना जाड अक्षरात छापा: इनास मास्तर तुस्कानो.